मैदानाबाहेरची हाक

गेल्या नाताळच्या सुट्टीत आमच्या धर्मग्रामातील तरुण मुलामुलींना घेऊन आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड येथे गेलो होतो. मालगुंड हे केशवसुतांचे, म्हणजेच कृष्णाजी केशव दामले यांचे जन्मगाव. गणपतीपुळ्याच्या शेजारचे हे समुद्रकाठचे गाव १९९४ पासून तेथील केशवसुत स्मारकामुळे मराठी वाचकांच्या विशेष ओळखीचे झाले आहे. त्या स्मारकाचे उद्घाटन कुसुमाग्रजांच्या हस्ते झाले होते. १८६६ साली जन्मलेल्या या कवीने १८९३ मध्ये ‘तुतारी’ लिहिली, एवढे तरी आमच्या मुलांना शाळेमुळे ठाऊक होते. स्मारक पाहून झाल्यावर सारी मंडळी किनाऱ्यावर उतरली. ओहोटी लागली होती. ओल्या वाळूत चपलांचे गोल मांडले गेले आणि फुटबॉल सुरू झाला.

मुलींचा एक संघ झाला होता आणि एका उत्साही तरुणाने त्यांच्या प्रशिक्षकाचे पद आपण होऊन घेतले होते. तो काठाकाठाने पळत ओरडत होता : ‘पास दे! डावीकडे! मागे ये! मार आता!’ चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी चेंडू छान अडवीत होती; पण चेंडू पायात आला की आधी त्याच्याकडे पाही, त्याची हाक ऐके, आणि तेवढ्यात चेंडू कोणीतरी काढून नेई. असे तीन-चार वेळा झाल्यावर ती थांबली आणि म्हणाली, ‘दादा, तू जरा गप्प बस ना. मला दिसतंय.’

सारे हसले. आम्हीही हसलो. परंतु ते ‘मला दिसतंय’ परतीच्या प्रवासात आमच्या मनातून जाईना. खेळात निर्णय कोणी घ्यावा, खेळणाऱ्याने की काठावर उभ्या असलेल्याने, हा प्रश्न फुटबॉलच्या प्रशिक्षकांना नित्य पडतो. स्त्रियांच्या फुटबॉलचा इतिहास आम्ही थोडाफार वाचला होता. तो सारा इतिहास या एकाच प्रश्नाभोवती फिरतो, हे मात्र त्या दिवशी प्रथमच लक्षात आले. तोच धागा धरून हा लेख लिहीत आहोत.

प्रत्येक खेळाची याबाबतची रीत निराळी असते. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, त्या खेळात दर काही सेकंदांनी खेळ थांबतो आणि पुढचा डाव कोणता हे बहुधा प्रशिक्षकच ठरवितो. तेथे डाव सांगणे ही एक स्वतंत्र विद्या मानली जाते. १९९४ पासून तर तेथील व्यावसायिक स्पर्धेत मुख्य खेळाडूच्या शिरस्त्राणात बिनतारी यंत्र बसविलेले असते आणि प्रशिक्षकाचा शब्द थेट त्याच्या कानात पोहोचतो. क्रिकेटमध्येही असा प्रयत्न एकदा झाला. १९९९ च्या विश्वचषकात होव्ह येथे भारताविरुद्धच्या सामन्यात दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए कानात यंत्र लावून उतरला होता. बाहेर बसलेले प्रशिक्षक बॉब वूल्मर त्याच्याशी बोलू शकत होते. क्रिकेटच्या धुरीणांना हे रुचले नाही आणि त्यांनी ते बंद केले. उलट आपली कबड्डी पाहा. चढाई करणारा एकदा मधली रेषा ओलांडून गेला की तो एकटा, त्याचा दम एकटा आणि निर्णयही त्याचा एकट्याचा. बाहेरून कोणी कितीही ओरडले तरी कोणाला शिवायचे आणि केव्हा परतायचे हे त्यालाच ठरवावे लागते.

आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो या दोहोंच्या मध्ये कोठेतरी बसतो. चेंडू सहसा थांबत नाही. म्हणून प्रत्येक चाल बाहेरून सांगणे शक्यच नसते. जुन्या काळी तर सामना चालू असताना सीमारेषेवरून मार्गदर्शन करण्यास नियमांचाच विरोध होता. प्रशिक्षकाने आठवडाभर शिकवावे आणि सामन्याच्या वेळी हात बांधून बसावे, अशी कल्पना होती. विश्वचषकात बदली खेळाडू उतरविण्याची मुभा प्रथम १९७० मध्ये, मेक्सिकोतील स्पर्धेत मिळाली. बाकाजवळ आखलेल्या चौकटीत उभे राहून सूचना देण्याची सोय तर १९९० च्या दशकात नियमांत आली. म्हणजे आज दूरचित्रवाणीवर दिसणारा, सतत हातवारे करणारा प्रशिक्षक हा या खेळाच्या इतिहासात तसा अलीकडचाच पाहुणा आहे.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र बाहेरची हाक फार आधीपासून आणि फार मोठ्याने ऐकू येत होती. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधील पुरुष रणांगणावर गेले आणि कारखान्यांतून स्त्रिया काम करू लागल्या. प्रेस्टन शहरातील डिक, कर या कारखान्यातील कामगार स्त्रियांनी १९१७ मध्ये फुटबॉलचा संघ काढला. सामन्यांतून मिळणारा पैसा जखमी सैनिकांच्या शुश्रूषेसाठी व इतर धर्मादाय कामांसाठी दिला जाई. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर त्यांचा सामना पाहण्यास सुमारे ५३,००० लोक जमले होते. आजही कित्येक संघांना हेवा वाटावा असा हा आकडा आहे.

आणि त्यानंतर वर्षही उलटले नाही तोच, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की हा खेळ स्त्रियांना योग्य नाही व त्यास उत्तेजन देऊ नये. या ठरावाची शब्दयोजना वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी. स्त्रियांनी खेळू नये असा हुकूम सोडण्याचा अधिकार असोसिएशनला नव्हताच. तिने आपल्या सभासद क्लबांना एवढेच सांगितले की त्यांना आपली मैदाने देऊ नका. बंदी खेळावर नव्हती. ती मैदानावर होती. डिक, करच्या स्त्रिया त्यानंतरही १९६५ पर्यंत मिळेल त्या माळावर खेळत राहिल्या, पण ते ५३,००० प्रेक्षक त्यांना पुन्हा लाभले नाहीत. ही बंदी उठण्यास जवळजवळ पन्नास वर्षे, म्हणजे १९७०-७१ साल उजाडावे लागले. पश्चिम जर्मनीच्या संघटनेने १९५५ ते १९७० अशी बंदी पाळली. ब्राझीलसारख्या फुटबॉलवेड्या देशात तर १९४१ पासून १९७९ पर्यंत ती सरकारी कायद्यानेच होती.

बंदी उठली तरी हाक थांबली नाही. तिचा सूर तेवढा मवाळ झाला. स्त्रियांची पहिली अधिकृत विश्वचषक स्पर्धा १९९१ मध्ये चीनमध्ये भरली, तेव्हा सामने ९० मिनिटांऐवजी ८० मिनिटांचे ठेवण्यात आले होते. कोणीतरी काठावर बसून ठरविले होते की शेवटची दहा मिनिटे यांना झेपणार नाहीत. १९९५ पासून त्या ९० मिनिटे खेळू लागल्या आणि काहीही बिघडले नाही. प्रशिक्षकाच्या बाकाचीही तीच कथा. पहिल्या तीनही विश्वविजेत्या संघांचे प्रशिक्षक पुरुष होते. २००३ मध्ये टिना थ्युने यांच्या मार्गदर्शनाखाली जर्मनीने विश्वचषक जिंकला, तेव्हा प्रथमच ते श्रेय एका स्त्रीकडे गेले. १९९१ ते २०२३ या काळात झालेल्या नऊ स्पर्धांपैकी चार स्पर्धा स्त्री प्रशिक्षकांच्या संघांनी जिंकल्या आहेत.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतात स्त्रियांच्या फुटबॉलची स्वतंत्र राष्ट्रीय संघटना १९७५ मध्ये उभी राहिली. राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षणाची धुरा आरंभी बंगालच्या सुशील भट्टाचार्य यांनी वाहिली. पैसा नव्हता, सोयी नव्हत्या, वर्तमानपत्रांत चार ओळींची जागा नव्हती. तरीही जानेवारी १९८० मध्ये कालिकतला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताचा संघ उपविजेता ठरला आणि १९८३ मध्ये बँकॉकला त्याने पुन्हा अंतिम फेरी गाठली. त्याच वर्षी शांती मल्लिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री फुटबॉलपटू होत. त्या पिढीत आघाडीच्या फळीत खेळून नाव मिळविणाऱ्यांत गोव्याच्या योलांडा डिसोझा यांची गणना होते.

गोव्याचे नाव निघाले म्हणून सांगावयाचे, की त्या भूमीत फुटबॉल रुजविण्याचे श्रेय एका धर्मगुरूला दिले जाते. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स हे ब्रिटिश धर्मगुरू १८८३ मध्ये शिवोलीला आले आणि त्यांनी शाळेतील मुलांना हा खेळ शिकविला, असे मानले जाते. पुढे चर्चची आवारे, शाळांची पटांगणे आणि भाताची कापणी झालेली शेते हीच गोव्यातील फुटबॉलची विद्यापीठे झाली. मुंबईतही रोव्हर्स कप १८९१ पासून खेळला जाऊ लागला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणाऱ्या नेव्हिल डिसोझा यांच्या नावाने आमच्या समाजातील वडीलधाऱ्यांचे डोळे अजूनही चमकतात. परंतु हा सारा गौरवाचा इतिहास मुलग्यांचा आहे. चर्चच्या आवारातील ते पटांगण मुलींना कितीदा मिळाले, हा प्रश्न आम्हां धर्मगुरूंना कोणी विचारला नाही आणि आम्ही स्वतःलाही विचारला नाही.

येथे आम्हांस स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही एका धर्मग्रामात नवखे सहायक धर्मगुरू होतो. सणानिमित्त फुटबॉलचे सामने भरत; त्यांची सूत्रे आमच्याकडे होती. एका संध्याकाळी सात-आठ मुली आल्या आणि म्हणाल्या, ‘फादर, आम्हांलाही एक सामना खेळायचा आहे. पटांगण एक तास द्या.’ आम्ही नाही म्हटले नाही. ‘पुढच्या वर्षी पाहू,’ असे म्हणालो. पुढच्या वर्षी आमची बदली झाली. १९२१ च्या त्या ठरावाविषयी प्रथम वाचले तेव्हा आम्हांला त्या इंग्रज गृहस्थांचा राग आला होता. नंतर लक्षात आले की आम्हीही तेच केले होते, फक्त ठराव न लिहिता.

असो. आपल्या राष्ट्रीय संघाची पुढची वाटचालही अशाच ‘पुढच्या वर्षी पाहू’ने भरलेली आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी स्त्रियांची स्वतंत्र संघटना अखिल भारतीय फुटबॉल महासंघात विलीन झाली. आता दिवस पालटतील अशी आशा होती. प्रत्यक्षात २००९ मध्ये अशी वेळ आली की दीड वर्षाहून अधिक काळ एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळल्यामुळे भारताच्या महिला संघाचे नाव जागतिक क्रमवारीतून गळाले. मुली होत्या, त्यांची खेळण्याची इच्छा होती. सामने ठरविणारे हात मात्र हलत नव्हते. महिलांची राष्ट्रीय लीग स्पर्धा सुरू होण्यास २०१६-१७ चा हंगाम उजाडला. या स्पर्धेत पुढे कोल्हापूरचाही संघ उतरला, याचा आपणां महाराष्ट्रीयांना विशेष आनंद वाटावा. मालगुंडहून आंबा घाट चढून गेले की कोल्हापूर येते. तेथे फुटबॉलचे संघ तालमींच्या नावाने ओळखले जातात आणि पेठांच्या अभिमानाने मैदान दणाणून जाते. ज्या तालमींत पूर्वी पुरुषांनी शड्डू ठोकले, त्यांच्या गावाने मुलींचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत पाठवावा, ही गोष्ट लहान नाही.

२०१७ मध्ये राष्ट्रीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षकपद गोव्याच्या मेमोल रॉकी यांच्याकडे आले. त्या स्वतः भारतासाठी खेळलेल्या होत्या. त्यांच्या कारकिर्दीत संघ ऑलिंपिक पात्रतेच्या दुसऱ्या फेरीत प्रथमच पोहोचला आणि मार्च २०१९ मध्ये विराटनगर येथे नेपाळला ३-१ असे हरवून दक्षिण आशियाई अजिंक्यपद त्याने राखले. २०२१ मध्ये त्यांनी पद सोडले. त्यांच्यामागून स्वीडनचे थॉमस डेनरबी आले आणि आशियाई स्पर्धा महाराष्ट्राच्या दारात आली.

जानेवारी २०२२ मध्ये ही स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे भरली. यजमान भारताने २० जानेवारीला इराणशी ०-० अशी बरोबरी केली. परंतु त्यानंतर संघात कोरोनाची लागण पसरली आणि दुसऱ्या सामन्यासाठी नियमाप्रमाणे लागणाऱ्या १३ खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत. संघाला स्पर्धेबाहेर जावे लागले. घरच्या मैदानावरचा तो घाव खोल होता. पण त्याच स्पर्धेचा अंतिम सामना, ६ फेब्रुवारीला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील क्रीडागारात झालेला, आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने अभ्यास करण्याजोगा आहे.

चीनविरुद्ध दक्षिण कोरिया असा तो सामना होता. मध्यंतराला कोरिया २-० असा पुढे होता. चीनच्या प्रशिक्षक श्वी छिंगश्या या १९९१ च्या त्या ८० मिनिटांच्या विश्वचषकात स्वतः खेळलेल्या. संघाची जबाबदारी स्वीकारून त्यांना जेमतेम काही महिने झाले होते. मध्यंतरात त्यांनी बदल केले. विश्रांतीनंतर उतरविलेली तरुण झांग लिन्यान कोरियाच्या बचावफळीस सतावू लागली. ६८ व्या मिनिटास पेनल्टीवर एक गोल झाला, ७२ व्या मिनिटास झांगनेच डोक्याने बरोबरीचा गोल केला आणि भरपाईच्या वेळेत दुसरी बदली खेळाडू श्याव युयी हिने विजयी गोल केला. चीनने नवव्यांदा अजिंक्यपद मिळविले.

हा विजय कोणाचा? प्रशिक्षकाचा म्हणावा तर गोल तिने केले नाहीत. खेळाडूंचा म्हणावा तर मध्यंतरातले निर्णय त्यांचे नव्हते. आमच्या मते चांगल्या प्रशिक्षकाची मर्यादा आणि थोरवी या दोन्ही गोष्टी येथे दिसतात. योग्य वेळी योग्य व्यक्तीला मैदानात उतरविणे, हे तिचे काम. चेंडू डोक्याने मारावा की पायाने, हे ती सांगत नाही. सांगूही शकत नाही. तेवढ्यात चेंडू निघून जातो, हे मालगुंडच्या वाळूत आम्ही पाहिलेच होते.

मग प्रशिक्षकाने गप्पच बसावे काय? तसे नव्हे. सरावाच्या दिवशी त्याने भरपूर बोलावे. कॉर्नर असताना कोणी कोणाला धरायचे, चेंडू गमावला की पहिली धाव कोणी घ्यायची, बचावफळीने एकदम पुढे केव्हा सरकायचे, हे सारे आधीच मुरवावे. सामन्यात मात्र खरी हाक मैदानाच्या आतून यावी लागते. चेंडू उंच आला की गोलरक्षकाने ‘कीपर!’ म्हणून ओरडले पाहिजे. पाठ वळलेल्या सहकाऱ्यास ‘मागे आहे!’ किंवा ‘वेळ आहे!’ असे कोणीतरी सांगितले पाहिजे. मुलींच्या संघाची सर्वांत मोठी अडचण पायांची नसून आवाजाची असते, असे आम्ही पाहिले आहे. ज्या मुलीला लहानपणापासून ‘हळू बोल, चारचौघांत ओरडू नकोस’ असे घरी, शाळेत आणि आम्हीही सांगितलेले असते, ती मैदानात उतरताच कशी ओरडणार? आणि ती गप्प आहे म्हणून प्रशिक्षक अधिक ओरडतो. तो ओरडतो म्हणून ती अधिकच गप्प राहते. हे चक्र कोणीतरी मोडले पाहिजे, आणि ते काठावरच्याने मोडावयाचे आहे.

इतिहास येथेच संपला असता तर लेख खिन्नतेने संपवावा लागला असता. ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा भुवनेश्वरला आपल्या मुली अमेरिकेकडून ०-८ अशा हरल्या, पुढचे दोन्ही सामनेही हरल्या. पुष्कळांनी तेव्हा मान हलविली. परंतु ५ जुलै २०२५ रोजी थायलंडमधील चियांग माय येथे भारताच्या महिला संघाने यजमान थायलंडला २-१ असे नमविले. दोन्ही गोल संगीता बासफोर हिने केले. या विजयाने भारत पात्रता फेरी खेळून प्रथमच आशियाई अजिंक्यपद स्पर्धेस पात्र ठरला. १९८३ मध्ये बँकॉकला जी वाट अर्ध्यावर सुटली होती, ती बेचाळीस वर्षांनी त्याच देशात पुन्हा सापडली. मधल्या वर्षांत किती मुली ‘पुढच्या वर्षी’ची वाट पाहत मोठ्या झाल्या, त्यांची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. आमच्या त्या धर्मग्रामातील सात-आठ जणी त्यांतल्याच.

मालगुंडच्या स्मारकात उभे असताना एका मुलाने आम्हांला विचारले होते, ‘फादर, तुतारी वाजवणारा पुढे स्वतः लढतो का?’ त्या वेळी आम्ही काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. आज वाटते, फुंकणाऱ्याचे काम झोपलेल्याला जागे करण्यापुरते. जागा झालेला कोणत्या वाटेने जाईल, हे त्याने त्याच्यावरच सोडावयाचे असते.

मालगुंडहून परतल्यावर आमच्या धर्मग्रामात शनिवारची संध्याकाळ मुलींसाठी राखून ठेवली आहे. पहिल्या शनिवारी पाच जणी आल्या, आता अकरा होतात. तो उत्साही तरुणही येतो. सराव घेतो, आणि सामना सुरू झाला की आंब्याच्या झाडाखाली जाऊन बसतो. ओठ घट्ट मिटून बसणे त्याला फार जड जाते, हे आम्हांला दिसते. आम्ही त्याच्या शेजारीच बसलेलो असतो, आणि आम्हांलाही ते तितकेच जड जाते. पटांगणात मात्र आता पूर्वीपेक्षा पुष्कळ आवाज असतो.